सत्ताविसावी फेरी

राजारामपुरी, सहावी गल्ली. खाली झेरॉक्सचं दुकान,
वर आमची लॅब.
मी डोळे बघत नाही.
माझ्याकडे डोळ्यातलं इवलंसं येतं,
बर्फाच्या डब्यात, हुपरीच्या वडापमधून,
कंपाउंडरच्या मांडीवर बसून.

नळीवर आकडा एकशे बारा.
चिठ्ठीवर: पुरुष, चव्वेचाळीस, उजवा डोळा.
खाली डॉक्टरांचं तिरकं अक्षर:
उसाचं पान लागलं म्हणतात. सहा आठवडे बुरशीचे थेंब, उपयोग नाही.
मधे मेडिकलवाल्यानं आणखी कसलेसे दिले होते,
बाटली फेकून दिली.

बुबुळावरून खरवडलेलं ते,
नखावरच्या धुळीइतकंही नाही.
एवढ्याशावरून कुणाचं नाव घ्यायचं?

मग रोजचंच. हातमोजे, थेंब, थेंबाचाही थेंब.
आणि शेजारी एक नळी नुसत्या पाण्याची.
पाण्याला मी रोज तोच प्रश्न विचारते
आणि पाण्यानं रोज गप्प राहायचं असतं.
ज्या दिवशी पाणी बोलेल
त्या दिवशी माझाच हात मळका,
सगळे रिपोर्ट रद्द.

पंच्याण्णव अंश. पीळ सुटतो.
साठ. नेमका तुकडा नेमक्या जागी जाऊन बसतो,
जागा असेल तरच.
पंच्याण्णव. साठ.
एकाचे दोन, दोनाचे चार,
मोजणारी मी नाही, मशीन.

त्या दिवशी नळीचा मालकच जिना चढून आला.
डोळ्यावर हिरवी पट्टी, बोटांच्या पेरांत काळपट चांदी.
आदगोंडा शेंडुरे. तेवीस वर्षं पैंजणाला घुंगरू डागतो.
थांबा म्हटलं तर काचेला नाक लावून उभा.
“काय वं ताई, ह्ये गप बसून काय करतंय?”
“तापवतंय. थंड करतंय. परत तापवतंय.”
“मग आमचंच की काम!
चांदी तापवायची, इझवायची, ठोकायची,
परत तापवायची. न्हाईतर चिरती.
किती येळा?”
“चाळीस.”
“लई झालं,” तो म्हणाला, कारागिराच्या काळजीनं.

पडद्यावर त्याची रेघ आणि पाण्याची रेघ
एकमेकींवर पडून होत्या.
वीस. बावीस. पंचवीस.
सत्ताविसाव्या फेरीला एक उठली.
पाणी झोपूनच.

“नागिणीची चुलत बहीण,” मी म्हटलं.
त्यानं ओठाचा कोपरा चाचपला.
“ल्हानपणी ताप आला की हितं फोड यायचं.
आई लोणी लावायची.”
“तीच.”
“मग एवढी वर्सं कुठं हुती?”
“कानाच्या पुढं, खूप आत, नसांच्या गाठीत. झोपून.”
“आन् उसाचं पान?”
“दार त्यानं वाजवलं असेल.”

“घालवा की मग.”
“जात नाही. औषधानं झोपते.”
तो जरा वेळ गप्प. मग हसला.
“आसलं भाडेकरू आमच्या गल्लीत बी हैत.
घर सोडत न्हाईत, पर दंगा बी करत न्हाईत.”

मी त्याला एवढं सांगितलं नाही
की रेघ फक्त आहे म्हणते, हिनंच केलं असं म्हणत नाही.
कधी कधी निरोगी आसवांतूनही ती नुसती जाऊन येते.
ते डॉक्टर ठरवतील,
ज्यांना निळ्या उजेडात त्या बुबुळावर
वाळक्या फांदीसारखं काहीतरी पुसट दिसलं होतं.
माझ्या वाट्याला एकच शब्द: आढळला.
तो टाइप केला. सही केली.

जाताना त्यानं दाराची कडी धरली, ती हुकली,
मग हातानं चाचपून सापडली.
तिथूनच, मागं न बघता, म्हणाला,
“ताई, तुमच्या डाव्या पैंजणातलं
एक घुंगरू मुकं हाय. आतला खडा गेलाय.
पाठवून द्या, बशिवतो.”

सहा वर्षं घालते मी ते पैंजण.
त्या संध्याकाळी लॅब रिकामी झाल्यावर
सपाता काढून मी चालून बघितलं,
फ्रिजपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून फ्रिजपर्यंत.
ऐकू आलं नाही मला कुठलं ते.

सकाळी एकशे तेरा.
आणि पाणी.